एक हात, नऊ वर्षं आणि चिमूटभर स्फटिक

बारावीच्या बायोलॉजीतली एक ओळ तुम्ही नक्की पाठ केली असेल. एन्झाइम्स ही प्रोटीन असतात. कधी ती रिकाम्या जागा भरा मध्ये येते, कधी चूक की बरोबर मध्ये. एक मार्क. टिक करायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. त्या ओळीवर कुणी दोन मिनिटं थांबल्याचं ऐकिवात नाही.

पण मित्रांनो, शंभर वर्षांपूर्वी हेच वाक्य एखाद्या मोठ्या केमिस्टसमोर म्हटलं असतंत, तर तुमच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं गेलं असतं. त्या काळचे बडे बडे लोक छातीठोकपणे सांगत होते की एन्झाइम काहीही असेल, पण प्रोटीन नक्कीच नाही. ही ओळ तुमच्या पुस्तकात यावी म्हणून एका माणसानं नऊ वर्षं प्रयोगशाळेत घासली आणि पुढची दहा वर्षं ती लोकांना पटवण्यात घालवली. त्या माणसाला एकच हात होता.

त्याचं नाव जेम्स बॅचलर समनर.

शिकारीला गेलेला मुलगा

जेम्सचा जन्म १९ नोव्हेंबर १८८७ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कँटन गावचा. घरची परिस्थिती चांगली होती, शेतीवाडी होती. लहानपणी त्याला शिकारीचा नाद होता आणि हाच नाद अंगाशी आला. सतरा वर्षांचा असताना मित्राबरोबर पक्ष्यांच्या शिकारीला गेला असताना चुकून सुटलेली गोळी त्याच्या डाव्या हाताला लागली. हात कोपराखालून कापावा लागला.

आता यातली खरी गोम ऐका. जेम्स डावखुरा होता. म्हणजे गेला तो साधा हात नव्हता. लिहायचा, जेवायचा, खेळायचा हात गेला होता. सतराव्या वर्षी त्याला उजव्या हातानं सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. विश्वास बसत नसेल तर आज रात्री नेहमीचा हात पाठीमागे बांधून एक पान लिहून बघा, बुटाची नाडी बांधून बघा.

त्यानं नुसतं लिहायला शिकून समाधान मानलं नाही. तो टेनिस खेळू लागला, बर्फावरून स्कीइंग करू लागला, बिलियर्ड्स खेळू लागला. पुढे प्रोफेसर झाल्यावर कॉर्नेल विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या टेनिसमध्ये त्यानं बक्षीसही मिळवलं. एका हातानं सर्व्हिस करताना चेंडू वर कसा उडवायचा, याचा जरा विचार करा. असल्या बारीकसारीक गोष्टी स्वतःच शोधून काढायची सवय त्याला इथेच लागली असणार. पुढे प्रयोगशाळेत तीच कामाला आली.

वकील हो, असा सल्ला

१९०६ मध्ये जेम्स हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९१० मध्ये केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाला. काही महिने काकांच्या कापसाच्या कारखान्यात काम केलं, मन रमलं नाही. मग थोडे दिवस कॉलेजात शिकवलं. शेवटी १९१२ मध्ये हार्वर्डच्याच मेडिकल स्कूलमध्ये बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करायची म्हणून तो ओटो फोलिन यांच्याकडे गेला.

फोलिन हे नाव ओळखीचं वाटतंय ना? बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला प्रोटीनचं प्रमाण मोजताना जो पिवळसर द्रव टाकता आणि टेस्टट्यूब निळी होते, त्या फोलिन सिओकाल्टू रीएजंटमधले हेच ते फोलिन. रक्त आणि लघवीतले घटक मोजण्याच्या पद्धती बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी या एका हाताच्या मुलाला भलेपणानंच सल्ला दिला की केमिस्ट्रीत तुझा निभाव लागणार नाही, त्यापेक्षा कायद्याचा अभ्यास कर.

फोलिन यांचं अगदीच चुकत होतं असंही म्हणता येत नाही. त्या काळची केमिस्ट्री म्हणजे काचेची भांडी, ब्युरेट, फनेल, फिल्टर पेपर. एका हातात फ्लास्क धरून दुसऱ्या हातानं तोटी फिरवायची. मशिनचं बटण दाबून रीडिंग घ्यायचे दिवस अजून लांब होते. पण जेम्सनं ऐकलं नाही. तो तिथेच राहिला आणि जून १९१४ मध्ये पीएचडी घेऊन बाहेर पडला. विषय होता प्राण्यांच्या शरीरात युरिया कसा तयार होतो. हा युरिया लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

त्याच वर्षी तो युरोपच्या प्रवासाला गेला आणि पहिलं महायुद्ध पेटलं. काही दिवस तो स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडला. तिथून सुटून आला तो थेट न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर म्हणून. आता आपणही त्यांना अहोजाहो करूया, कारण पुढचं सगळं आयुष्य समनर सर इथेच राहिले.

नेमका प्रश्न काय होता?

इथे क्षणभर थांबून त्या काळी एन्झाइमबद्दल काय माहीत होतं ते पाहू.

एन्झाइम, म्हणजे मराठी पुस्तकातलं विकर, काय करतं हे लोकांना ठाऊक होतं. मोड आलेल्या धान्यातला एक पदार्थ स्टार्चची साखर करतो, हे १८३३ मध्येच दाखवून झालं होतं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुकनर या जर्मन शास्त्रज्ञानं यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखरेची दारू होते हे दाखवलं. म्हणजे आंबवण्याचं काम करायला अख्खी जिवंत पेशी लागतेच असं नाही, तिच्यातला कुठला तरी पदार्थ ते करतो. एमिल फिशर यांनी तर १८९४ मध्येच कुलूप आणि किल्लीची उपमा देऊन ठेवली होती. ज्या पदार्थावर एन्झाइम काम करतं तो त्यात किल्लीसारखा चपखल बसतो.

सगळं ठीक. पण कुलूप कशाचं बनलंय? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एन्झाइम हातात धरून दाखवता येत नव्हतं. ते ओळखू यायचं ते फक्त त्याच्या कामावरून. घरात दूध कमी होतंय म्हणून मांजर येऊन गेली हे कळावं, पण मांजर कधी दिसू नये, तसं.

हा नुसता पोटापाण्याबाहेरचा वाद नव्हता. पेशीत घडणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एन्झाइममुळे घडते. अन्न पचतं, श्वास घेतलेला ऑक्सिजन वापरला जातो, डीएनएची प्रत निघते. या सगळ्याच्या मुळाशी असलेला पदार्थ साध्या केमिस्ट्रीच्या नियमांत बसणारा आहे, की जिवंत पेशीतलं काहीतरी गूढ, न पकडता येणारं आहे? प्रश्न एवढा मोठा होता.

शेंगांचं पीठ आणि खिडकीची कड

१९१७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, समनर यांनी ठरवलं की आपण एक एन्झाइम शुद्ध स्वरूपात वेगळं करून दाखवायचं. त्यांच्याकडे शिकवण्याचे तास भरपूर होते, वेळ कमी होता, उपकरणं जेमतेम आणि पैसा त्याहून जेमतेम. आपल्याकडे एवढं थोडं आहे तर ते फुटकळ कामात घालवण्यापेक्षा एकच मोठा डाव टाकावा, असा त्यांचा हिशेब होता. ओळखीच्यांनी हा वेडेपणा आहे असं सांगितलं. त्यावर ते आणखीनच हट्टाला पेटले.

एन्झाइम निवडलं युरिएज. हे युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. गोठ्यात किंवा अस्वच्छ सार्वजनिक मुतारीत जो नाकात झोंबणारा वास येतो, तो जिवाणूंमधल्या युरिएजचाच प्रताप. निवड हुशारीची होती. अमोनिया किती निघाला हे सहज मोजता येतं, त्यामुळे हातातल्या नमुन्यात युरिएज किती आहे हे लगेच कळतं.

कच्चा माल म्हणून त्यांनी घेतल्या जॅक बीन नावाच्या शेंगेच्या बिया. आपल्याकडे परसात, कुंपणावर चढणारी अबई असते ना, तिच्या जवळच्या नात्यातली ही शेंग. तिच्या बियांत युरिएज भरपूर असतं.

मग सुरू झालं काम. बियांचं पीठ करायचं, ते कुठल्यातरी द्रवात कालवायचं, गाळायचं, त्यातून नको ते बाजूला काढायचं, उरलेल्यात युरिएज किती ते तपासायचं. पुन्हा वेगळा द्रव, पुन्हा गाळणं. काही वेळा एन्झाइम वाटेतच निकामी व्हायचं, कारण उष्णता, ॲसिड, जड धातू असलं काहीही त्याला सोसत नाही. काही वेळा ते इतर पन्नास पदार्थांबरोबर असं मिसळलेलं असायचं की वेगळं निघायचंच नाही.

सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेत बर्फाची पेटीसुद्धा नव्हती. पिठाचा अल्कोहोलमधला अर्क थंड करायचा तर भांडी रात्री खिडकीबाहेरच्या कडेवर ठेवायची आणि आज थंडी पडू दे म्हणून आकाशाकडे बघायचं. पीएचडीला फंडिंग नाही म्हणून वैतागलेल्या तुमच्या ताईदादांना हे जरूर सांगा.

चार वर्षं अशी गेली. १९२१ मध्ये फेलोशिप मिळाली, ब्रसेल्सला जायची संधी आली. तिथे जाँ एफ्राँ हे एन्झाइमवर मोठमोठी पुस्तकं लिहिलेले तज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली काम करावं असा समनर यांचा बेत. पण युरिएज वेगळं काढायचं ही कल्पनाच एफ्राँ यांना हास्यास्पद वाटली. बेत बारगळला. समनर पुन्हा इथाकाला, पुन्हा त्याच पिठापाशी.

लक्षात घ्या, पहिला माणूस म्हणाला होता की केमिस्ट होऊ नकोस. आता दुसरा म्हणत होता की केमिस्ट झालास तरी हे करू नकोस. आणि दोघंही आपापल्या विषयातले दादा लोक.

एका सकाळचा थेंब

१९२६ मध्ये त्यांनी अल्कोहोल बाजूला ठेवून ॲसिटोन वापरून पाहिलं. हो, नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं तेच ॲसिटोन. पाण्यात साधारण ३२ टक्के ॲसिटोन मिसळून त्यात जॅक बीनचं पीठ कालवलं, गाळायला लावलं आणि गाळलेलं पाणी रात्रभर थंडीत राहू दिलं. सकाळी त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला.

थेंबात बारीक बारीक स्फटिक होते. रंगहीन, आठ पैलूंचे.

स्फटिक दिसणं इतकं महत्त्वाचं का, तर खडीसाखर आठवा. साखरेच्या पाकात दोरा सोडला की साखरेचे रेणू एकावर एक, एकाच पद्धतीनं, कवायतीसारखे रांगेत बसत जातात आणि खडा तयार होतो. रांग नीट लागते कारण सगळे रेणू सारखे असतात. भेसळीच्या गर्दीला अशी शिस्त सहसा लागत नाही. त्यामुळे स्फटिक होणं ही केमिस्टच्या दृष्टीनं शुद्धतेची मोठी खूण.

समनर यांनी ते स्फटिक वेगळे केले, पाण्यात विरघळवले आणि त्यात युरिया टाकला. युरिया धडाधड फुटू लागला. मूळ पिठाच्या मानानं त्यांची ताकद कितीतरी पट जास्त होती. आणि हे स्फटिक प्रोटीनच्या सगळ्या चाचण्यांत प्रोटीन असल्याचं सांगत होते. समनर यांनी फोन उचलला, बायकोला लावला आणि पहिलं एन्झाइम स्फटिकरूपात मिळाल्याचं सांगितलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीत त्यांचा छोटासा पेपर आला. तोपर्यंत नऊ वर्षं झाली होती. वय होतं अडतीस.

सिनेमा असता तर इथे टाळ्या वाजल्या असत्या. प्रत्यक्षात फारसं काहीच झालं नाही. ज्यांनी वाचलं त्यातल्या बहुतेकांनी मान हलवली आणि पान उलटलं.

समोर उभा होता एक नोबेलवाला

कारण या विषयातला शेवटचा शब्द तेव्हा जर्मनीतल्या रिखार्ड विलश्टेटर यांचा मानला जायचा. झाडांच्या हिरव्या रंगावर, म्हणजे क्लोरोफिलवर केलेल्या कामाबद्दल त्यांना १९१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं होतं. त्यांनीही एन्झाइम शुद्ध करायचा प्रयत्न केला होता. शुद्ध करत करत ते अशा टप्प्यावर पोचले, की नमुना एन्झाइमचं काम तर करत होता, पण त्यात प्रोटीनची चाचणी निगेटिव्ह येत होती. त्यांचा निष्कर्ष सरळ होता. एन्झाइम म्हणजे कुठला तरी अगदी लहान, वेगळाच रेणू असणार. प्रोटीन ही फक्त त्याची गाडी, तो तिच्यावर बसून फिरतो.

विलश्टेटर यांना खलनायक करायची घाई करू नका. विद्यापीठातल्या नेमणुकांत ज्यूंबद्दल दुजाभाव होतो म्हणून निषेध करून त्यांनी १९२४ मध्ये म्युनिकमधल्या आपल्या प्रोफेसरपदाचा राजीनामा दिला होता. पुढे नाझींच्या काळात त्यांना देश सोडावा लागला. माणूस ताठ कण्याचा होता आणि त्यांचा प्रयोगही प्रामाणिक होता.

मग चूक कुठे झाली? चाचणीत. एन्झाइम अगदी नगण्य प्रमाणात असलं तरी दणकून काम करतं. एकच रेणू सेकंदाला हजारो वेळा तेच काम करू शकतो. विलश्टेटर यांच्या नमुन्यात प्रोटीन होतं, पण इतकं थोडं की त्या काळच्या प्रोटीनच्या चाचण्यांना ते दिसतच नव्हतं. काम दिसत होतं, कामगार दिसत नव्हता. कोविडच्या काळात आपण सगळे एक गोष्ट शिकलो, की टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे विषाणू नाहीच असं होत नाही. टेस्टला तो सापडला नाही एवढंच कळतं. विलश्टेटर यांच्यासारख्या दिग्गजाची गफलत नेमकी इथेच झाली.

आता समनर यांचे स्फटिक समोर ठेवल्यावर विरोधकांकडे उत्तर तयार होतं. स्फटिक प्रोटीनचे असतील, मान्य. पण खरं एन्झाइम त्यांना थोडंसं चिकटून आलं असेल. गाडीवर बसलेला तो छोटा प्रवासी!

या आक्षेपाला उत्तर देणं किती कठीण आहे बघा. तुम्ही कितीही शुद्ध केलंत तरी समोरचा म्हणू शकतो की अजून काहीतरी चिकटलेलं असेल. नुसतं ओरडून उपयोग नव्हता. प्रत्येक शंकेला एक नवा प्रयोग लागणार होता.

पुरावा कसा उभा राहिला

समनर यांनी तेच केलं. पुढची अनेक वर्षं ते युरिएजवर पेपरमागून पेपर लिहीत राहिले. पुन्हा पुन्हा स्फटिक केले तरी त्यांची ताकद कमी होत नाही हे दाखवलं. एखादी गोष्ट वरून चिकटलेली असती तर दर वेळी थोडी थोडी धुऊन गेली असती. १९३१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं आणखी एक युक्ती केली. युरिएजचे स्फटिक प्राण्यांना टोचून त्याविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या अँटिबॉडी मिळवल्या. अशा अँटिबॉडीनं ते प्रोटीन द्रावणातून खाली बसवलं की युरिएजही त्याच्याबरोबर खाली बसायचं. गाडी पकडली की प्रवासीही सापडतोच, दर वेळी. मग गाडी आणि प्रवासी वेगळे आहेत असं मानायचं तरी कशाला?

खरा जोर आला तो दुसऱ्या प्रयोगशाळेतून. १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या जॉन नॉर्थ्रॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक मिळवले. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात प्रोटीन पचवणारं एन्झाइम. मग त्यांच्या गटानं ट्रिप्सिनही स्फटिकरूपात आणलं. नॉर्थ्रॉप यांनी स्फटिकांची सर्व बाजूंनी तपासणी केली. स्फटिकातलं प्रोटीन उष्णतेनं जितकं बिघडवावं तितकीच एन्झाइमची ताकद घटते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं.

हे आकडे समजायला अंडं पुरेसं आहे. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग उकळला की घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची लांब माळ. ही माळ पेशीत विशिष्ट पद्धतीनं घडी घालून, दुमडून बसलेली असते. उष्णतेनं मणी तुटत नाहीत, घडी मोडते. एन्झाइमचंही तसंच आहे. त्याचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. घडीमुळे एका जागी एक खोबण तयार होते, तिलाच तुमच्या पुस्तकात ॲक्टिव्ह साइट म्हणतात. माळेत एकमेकांपासून दूर असलेले मणी घडीमुळे तिथे शेजारी येतात आणि मिळून काम करतात. घडी मोडली की खोबण गेली, खोबण गेली की काम थांबलं. फिशर यांच्या कुलपाची रचना ती हीच.

समनर मात्र युरिएजपाशी थांबले नाहीत. १९३७ मध्ये अलेक्झांडर डाउन्स यांच्यासोबत त्यांनी कॅटलेजचे स्फटिक मिळवले. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर जो पांढरा फेस येतो, तो रक्तातल्या आणि पेशींमधल्या कॅटलेजमुळे. त्याच वर्षी ते स्वीडनला उप्सालात स्वेडबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले. एकामागून एक एन्झाइमं स्फटिक होत गेली आणि प्रत्येक वेळी निघालं प्रोटीनच. विरोधाचा आवाज हळूहळू विरला.

१९४६ चं केमिस्ट्रीचं नोबेल जाहीर झालं. अर्धं समनर यांना, उरलेलं अर्धं नॉर्थ्रॉप आणि विषाणूचे स्फटिक मिळवणारे वेंडेल स्टॅन्ली यांना वाटून. ती सकाळ आणि तो थेंब याला वीस वर्षं झाली होती.

समनर १९५५ मध्ये निवृत्त व्हायच्या बेतात होते. त्यानंतर ब्राझीलला जाऊन तिथे एन्झाइमवरचं संशोधन उभं करायचं ठरलं होतं. पण कॅन्सरनं गाठलं आणि १२ ऑगस्ट १९५५ रोजी ते गेले.

उरलेली गोष्ट चेन्नईत

गोष्ट इथे संपत नाही. समनर यांनी स्फटिक तर मिळवले, पण त्या स्फटिकातल्या रेणूची घडी नेमकी कशी आहे, हे त्यांना पाहायला मिळालं नाही. त्यासाठी एक्स रे आणि भरपूर गणित लागतं. शिवाय त्या रेणूनं एक गुपित लपवून ठेवलं होतं. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना जॅक बीनच्या युरिएजमध्ये निकेल सापडलं. हो, नाण्यांत आणि स्टीलमध्ये असतो तो निकेल धातू. एखाद्या एन्झाइमला निकेल लागतं हे तेव्हा पहिल्यांदाच कळलं. म्हणजे समनर यांच्या स्फटिकांत प्रोटीनबरोबर धातूही होता. विलश्टेटर यांच्या प्रवासी रेणूची ही थोडीशी आठवण करून देणारी गोष्ट. फरक एवढाच, की हे निकेल एकटं काही करू शकत नाही. प्रोटीनच्या घडीनं त्याला नेमक्या जागी धरून ठेवलं तरच युरिया फुटतो.

जिवाणूंमधल्या युरिएजची रचना १९९५ मध्ये उलगडली. पण समनर यांच्या जॅक बीनच्या युरिएजची? ती जगाला दिसली २०१० मध्ये आणि ती उलगडली आपल्या देशात. मद्रास विद्यापीठाच्या ज्या विभागाची स्थापना जी. एन. रामचंद्रन यांनी केली, रामचंद्रन प्लॉटवाले तेच, त्याच विभागात ए. बालसुब्रमण्यन आणि के. पोन्नुराज यांनी हे काम केलं. पेपरच्या शीर्षकातच त्यांनी पहिल्या स्फटिकापासून रचनेपर्यंतच्या ८३ वर्षांच्या प्रवासाचा उल्लेख केला. दिसलं ते असं: ८४० मण्यांच्या सहा माळा एकत्र गुंफलेल्या आणि प्रत्येकीच्या खोबणीत शेजारी शेजारी बसलेले निकेलचे दोन अणू.

आणि युरिएज आज कुठे कुठे भेटतं? पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातला युरिया मोजायला बऱ्याच ठिकाणी युरिएजच वापरतात. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या ॲसिडमध्ये टिकून राहतो तो स्वतःभोवती युरिएजनं अमोनिया तयार करून. शेतात युरिया नुसता वर फेकला तर मातीतलं युरिएज त्याचा अमोनिया करतं आणि पैसे देऊन आणलेलं खत हवेत उडून जातं. म्हणून तो मातीत मिसळून द्यायला सांगतात. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा त्या एका मार्काच्या ओळीकडे या. खरं सांगायचं तर तीही आज पूर्ण बरोबर नाही. १९८० च्या दशकात काही आरएनए रेणूसुद्धा एन्झाइमसारखं काम करतात हे सापडलं आणि त्यालाही १९८९ चं नोबेल मिळालं. त्यामुळे आज म्हणायचं तर जवळजवळ सगळी एन्झाइम्स ही प्रोटीन असतात. हा जवळजवळ शब्दही कुणीतरी प्रयोग करूनच कमावलाय.

समनर यांच्या गोष्टीतून हट्ट करा, कुणाचं ऐकू नका, एवढंच घ्याल तर गफलत होईल. हट्टी माणसं ढिगानं असतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात. समनर टिकले कारण त्यांनी आपली पद्धत कागदावर मांडली. कुठल्या बिया, किती ॲसिटोन, किती थंडी, हे सगळं. ज्याला शंका असेल त्यानं स्वतः करून बघावं. समोर नोबेलवाला होता, पण ज्याला स्वतः बघायचं होतं त्याला लागणार होतं फक्त शेंगांचं पीठ, ॲसिटोन आणि एक मायक्रोस्कोप.

पुढच्या प्रॅक्टिकलला फोलिनची बाटली हातात आली, की तिच्यावरचं नाव एकदा वाचा. ज्या मुलाला त्यांनी वकील व्हायला सांगितलं होतं, त्यानं दाखवून दिलं म्हणून आज एन्झाइम किती आहे हे विचारताना आपण आधी प्रोटीन किती आहे ते मोजतो. ट्यूब निळी झाली की रीडिंग घ्या, जर्नलमध्ये लिहा. आणि हो, दोन्ही हातांनी सांभाळून धरा, काचेची भांडी महाग असतात!